एकवीस दिवसांचा अबोला

नाही, नाही, तुम्ही काही बोलू नका! हात जोडतो. ऐकून घ्या, मान हलवा, वाटलं तर तळ्यात खडे मारा, पण 'हरिहरराव, माझं ऐकाल तर' असं कोणी सुरू केलंत ना, तर मी इथूनच, या पायरीवरूनच उठून जाईन! अहो, बायको बोलेनाशी झाली. माझी. घरात अबोला माझ्या, आणि तोंडं सुटली कोणाची? सबंध ठाण्याची! ज्यांना स्वतःच्या बायकोनं हाक मारली तर धडकी भरते, तेसुद्धा मला सांगायला पुढे! मी विचारलं होतं का?

तुम्हाला सांगतो, गोष्ट अगदी साधी. राणीच्या राज्याला पन्नास वर्षं झाली म्हणून आमच्या कचेरीवर दिवे लावले होते बघा, तेव्हाच वाचनगृहात एक व्याख्यान झालं. वक्ते मुंबईचे. उपरणं काय, चष्मा काय, आवाज काय! म्हणाले, "सद्गृहस्थहो! आपण साखरझोपेत असता आणि आपल्या घरची स्त्री दगड ओढत असते! लाज वाटत नाही?" आम्हाला लाज वाटली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. बाकीचे लाज वाटून घरी गेले नि जेवले. मी मूर्ख, मी ती लाज घरी घेऊन गेलो! दुसऱ्या दिवशी आवडा देवळात गेलेली, तेवढ्यात धोंडीबा गाडीवानाला बोलावलं, माजघरातलं जातं उचललं, त्याच्या गाडीत घातलं आणि म्हटलं, "ने घरी, तुला दिलं." दळण उद्यापासून सखुबाईकडे, ती पाच घरचं दळते, आमचं सहावं. झालं! वीस वर्षांचे कष्ट एका दुपारी संपवले! आता कोण करतं हो बायकोसाठी एवढं? सांगा ना! नको, नको, सांगू नका.

ती आली. माजघरात गेली. जात्याच्या जागी जमिनीवर नुसता गोल डाग उरलेला, तिकडे बघत उभी राहिली. मी मागे उभा, चेहऱ्यावर हसू, म्हटलं आता भरून येईल हिला. तिनं एकदा माझ्याकडे बघितलं, आणि... बंद! त्या घटकेपासून एक अक्षर नाही!

आणि नुसतं न बोलणं असतं तर पत्करलं असतं. पण ती इतरांशी बोलायची! म्हणजे मांजराशी. "माऊ, भात निवतोय गं, ज्यांना जेवायचं त्यांनी उठावं." तांब्याशी बोलायची. "तांब्या, पाणी तापलंय, कचेरीला उशीर झाला तर मला सांगू नकोस." तुळशीला तर रोज माझी सगळी हकीकत! आणि मी चार हातांवर उभा. एकदा मी तांब्यालाच म्हटलं, "तांब्या, हिला काय झालंय रे?" तर तिनं तांब्या उचलला नि आत नेला.

कचेरीत गेलो, तर आमचे शिरस्तेदार भाऊसाहेब. चेहरा बघूनच ओळखलं. "बायको? हॅः! दुर्लक्ष कर, हरिहर. अर्ज पडून राहू द्यावा. पडून राहिला की अर्जदार आपोआप गप्प बसतो." अहो साहेब, ती गप्पच आहे, तीच तर तक्रार आहे! पण शिरस्तेदाराला कोण सांगणार? आणि मुळात मी विचारलं होतं का?

गुणाजी न्हावी. वस्तरा गळ्यावर ठेवून सल्ला द्यायचा, म्हणजे नाही म्हणायची सोय नाही. "रावसाहेब, लुगडं. हिरवं. बायकांचा राग हिरव्याला बघून इरघळतो." आणलं हिरवं लुगडं. तिनं हातात घेतलं, पदर बघितला, काठ बघितला, आणि सरळ नेऊन गाठोड्यात ठेवलं. कसलं गाठोडं? तेच तर! कोपऱ्यात एक गाठोडं तयार होत होतं. मांजराला सांगून झालं होतं, "माऊ, शुक्रवारी मी खडवलीला दादाकडे जाणार. कल्याणपर्यंत आगगाडी, पुढे त्याची बैलगाडी येईल. परत कधी ते मला विचारू नकोस." ऐकलंत? परत कधी ते विचारू नकोस! मांजरानं जांभई दिली. वीस वर्षांत ही बाई दिवाळसणाखेरीज माहेरी राहिली नाही हो!

त्यात बुधवारी कोलशेतची मनुबाई कोळीण दारात. पाटी उतरवली, माझ्याकडे बघितलं. "काय रं भाऊ, तोंड सुकलंय सुकटीसारखा?" मी म्हटलं, काही नाही. "काय नाय कसा? बायको बोलं ना. आख्ख्या आळीला ठावं हाय. माजा घोव आठ दिस बोलला नाय. मी त्याला होरीन घातला, खारीच्या मदी नेला, नि वल्हा दिला पाण्यान टाकून! म्हटला, बोल आता! असा बोलला, असा बोलला, पार कोलशेतला आयकू गेला!" आणि वर विचारते, "बायकोला पवता येतं का तुज्या?" मी विचारलं होतं का हिला? मी फक्त बोंबील विचारले होते!

असे वीस दिवस गेले. उजाडला गुरुवार. उद्या गाठोडं निघणार. आणि त्या दिवशी नेमका कचेरीतला एक कागद द्यायला मला पाठवलं पाद्रीसाहेबाच्या बंगल्यावर. आता त्या बंगल्याबद्दल आळीत काय काय बोलतात! म्हणे माणसं तिथे रडत जातात आणि हसत बाहेर येतात, म्हणजे नक्की पाण्यात काहीतरी घालतो. मी ठरवूनच गेलो, कागद द्यायचा, पोच घ्यायची, पाणी प्यायचं नाही.

साहेब म्हातारा, दाढी पांढरी, डोळे निळे, आणि मराठी कशी? पंडिताकडून शिकलेली, इस्त्री केलेली. "बसावे. आपण कष्टी दिसता." बस्स. एवढंच. मी खुर्चीवर बसलो, पाय जमिनीला टेकेनात. समोर मेजावर त्यांचं ते जाडं पुस्तक. मी म्हटलं, आता हे उघडणार, आता आपल्याला पापी म्हणणार, आता संपलं! पण पुस्तक तसंच. साहेब तसाच. हात मांडीवर ठेवून माझ्याकडे बघतोय. मी म्हटलं, "घरी जरा... बोलणं बंद आहे." साहेब म्हणाला, "मग?"

मग काय! अहो, 'मग' म्हणणारा माणूस मला जन्मात भेटला नव्हता! 'माझं ऐक' म्हणणारे सगळे, 'मग' म्हणणारा एक नाही! मी जो सुटलो... व्याख्यान, टाळ्या, जातं, मांजर, तांब्या, अर्ज, लुगडं, होडी... साहेबाचा चहा थंड झाला, बाहेर माळ्यानं सगळी झाडं शिंपून संपवली, मी बोलतोच आहे. मध्ये थांबलो की म्हातारा म्हणायचा, "मग?" एकदा तर माझ्या डोळ्यांत पाणी आलं, कचेरीतला माणूस मी, साहेबासमोर! त्यानं रुमाल पुढे केला नाही, 'रडू नका' म्हणाला नाही. खिडकीबाहेर बघत बसला, मला मोकळीक म्हणून.

शेवटी मीच ओरडलो, "अहो, सांगा की काहीतरी! सल्ला द्या!" तो म्हणाला, "आपणांस आता कसे वाटते?" मी म्हटलं, "हलकं वाटतंय." तेव्हा अगदी हळू म्हणाला, "उत्तम. आपण येथे येऊन हलके झालात. आपली पत्नी कोठे जाऊन हलकी होते?"

मी म्हटलं, "ती? ती कुठे जाणार! तिला कशाला लागतंय! तिचं सगळं बोलणं त्या शेजारच्या शेवंतीशी, रोज पहाटे, समोरासमोर बसून, जात्या..."

आणि माझं तोंड उघडंच राहिलं.

साहेबानं 'मग'सुद्धा म्हटलं नाही. उठलो तेव्हा एवढंच म्हणाला, "आपली हरकत नसल्यास मी आपणाकरिता प्रार्थना करू काय?" बघा! विचारलं! वीस दिवसांत मला काही द्यायच्या आधी 'देऊ का' म्हणून विचारणारा पहिला माणूस, तो निघाला पाद्री! मी म्हटलं, करा, पण नाव घेऊ नका, आमच्या आळीत कळलं तर पंचाईत, नुसतं 'ठाण्याचा एक कारकून' म्हणा. हसला म्हातारा. म्हणाला, "पत्ता त्यास ठाऊक आहे."

तसाच धावत घरी. ती गाठोड्याला गाठ मारत होती. वाटेत मी अर्ध्या तासाचं भाषण तयार केलेलं, एक वाक्य आठवेना. खाली बसलो, तिच्यासमोर, जमिनीवर. म्हटलं, "आवडा, जातं गेलं तेव्हा तुला काय वाटलं?"

तिनं मांजराकडे बघितलं. मांजर झोपलेलं. तांब्या लांब होता. मग एकवीस दिवसांनी ती माझ्याशी बोलली. म्हणाली, "मला विचारणं झालं होतं का?"

अहो, माझंच वाक्य! वीस दिवस मी गावभर मिरवलेलं, ते घरी माझीच वाट बघत बसलेलं!

मी तोंडावर आलेली सफाई गिळली. मोठ्या कष्टानं म्हटलं, "मग?" आणि मग ती बोलली. म्हणाली, "दगड जड होता, हात दुखायचे, खोटं कशाला सांगू. पण आपली पोर गेली ना, सुमती, सहा वर्षांपूर्वी, तेव्हा मी कुठे रडले, ठाऊक आहे? इकडे सगळे म्हणायचे, आवडा धीराची हो, डोळ्यांतून टिपूस नाही. जात्यावर रडत होते मी. घरघरीत रडणं कुणाला ऐकू जात नाही. शेवंती समोर बसून नुसता खुंटा ओढायची, एक शब्द बोलायची नाही." वीस वर्षं पहाटे ती घरघर ऐकत मी कुशीवर वळलो हो. मला वाटायचं, पीठ पडतंय.

खूप वाईट वाटलं. आजही वाटतं.

पण गाठोडं काही सुटेना. म्हणाली, "सकाळी स्टेशनापर्यंत गाडी सांगून ठेवलीय." आणि गाडी कोणाची? धोंडीबाची! मी उठलो तो धोंडीबाच्या दारात. दोन्ही हात जोडून म्हटलं, दिलेलं परत मागतोय, लाज वाटते, पण ते जातं... तेवढ्यात त्याची बायको बाहेर आली, जनी. "न्या हो, न्या! दीड खणाची खोली आमची, त्यात तुमचा दगड. वीस दिस पोरं ठेचकाळताहेत. देताना आमाला विचारलं व्हतं का?"

घ्या! इथेही तेच!

शुक्रवारी सकाळी घंटा वाजवत बैल दारात. आवडा गाठोडं घेऊन बाहेर आली. गाडीत बघते तर बसायच्या जागी जातं, आणि जात्याशेजारी मी, वरच्या दगडाला कवटाळून बसलेला, की रस्त्यात घरंगळू नये. ती बघतच राहिली. आणि हसली! अशी हसली, अशी हसली, धोंडीबा हसला, समोरची माणसं बाहेर आली, तीही हसली, कशाला ते कोणालाच माहीत नाही! गाठोडं आत गेलं. त्याच दिवशी हिरवं लुगडं नेसली. गुणाजी अजून सांगत फिरतो, आपल्या सल्ल्यानं झालं.

म्हणजे सगळं छान झालं म्हणता? थांबा! जात्याला दोन माणसं लागतात. आणि शेवंती? ती लेकीच्या बाळंतपणाला कल्याणला, तीन महिने! आवडा म्हणाली, "समोर बसायला कुणीतरी हवं." या खेपेला माझ्याकडे बघून म्हणाली, मांजराकडे नाही. बसलो. रोज पहाटे बसतो. सरकारी नोकर, इंग्रजी पाचवीपर्यंत शिकलेला, खुंटा ओढतोय! आणि ती गाते कोणावर? समोर कोण बसलंय ते बघून गाते!

गावाला शहाणपण, ओट्यावर बसून बाई,
घरात काय जळतं, त्यांना ठाऊकच नाही!

आणि मी मध्ये तोंड उघडलं की म्हणते, "शेवंती बोलायची नाही." की मी गप्प. दळतो.

आता खरी गंमत ऐका. पंधरवड्यापूर्वी भाऊसाहेब शिरस्तेदार स्वतः माझ्या ओट्यावर आले! बसले, इकडेतिकडे बघितलं आणि म्हणाले, "हरिहर, एक विचारायचं होतं." विचारायचं होतं! मला! अहो, वीस वर्षं मी या ओट्यावरून सल्ले देतोय, एका माणसानं कधी विचारलेले नाहीत, आणि आज शिरस्तेदार विचारतोय! छाती फुगली, घसा साफ केला, तोंड उघडलं, आणि सवय हो, दोन महिन्यांची सवय, तोंडातून निघालं काय? "मग?"

दोन तास बोलले. रडले. उठताना माझे हात धरून म्हणाले, "वा, हरिहर, काय सल्ला दिलास!" आणि आता रोज संध्याकाळी माझ्या ओट्यावर माणसं. गुणाजी येतो, धोंडीबा येतो. परवा मनुबाईचा नवरा आला, तो तर पोहूनच आला असावा! आत त्यांच्याच बायकांनी जात्याला वेढा घातलेला, बाहेर पुरुषांनी मला. सगळे हलके होऊन जातात.

आणि मी? मला बोलायचं असेल तर मी कुठे जाऊ? पाद्रीसाहेब गेला बदलून. घरी बोललो तर 'शेवंती बोलायची नाही' ठरलेलं. म्हणून तर या तळ्याच्या पायरीवर तुम्हाला पकडून बसवलंय! तर आता मुकाट्यानं 'मग?' म्हणा बघू... काय म्हणालात? 'हरिहरराव, माझं ऐकाल तर'?

अहो, विचारलं होतं का मी?