एकच घर खाली

किल्ली आहे सर माझ्याकडेच — देतो ना, दादाची जागा आता तुमची, लॅबचं कपाटही तुमचंच — पण जरा हळू बोला, आई आत पडलीय. तो मूलद्रव्यांचा तक्ता? दादाचाच. मी आठवीत शाळा सोडलेली, पण तो जेवताना शिकवायचा. आयनन ऊर्जा म्हणजे काय? — अणूचा सगळ्यात बाहेरचा इलेक्ट्रॉन ओढून काढायला किती जोर लागतो ते. डावीकडून उजवीकडे गेलं की पकड घट्ट, वरून खाली आलं की ढिली — खालच्यांचा बाहेरचा पोरगा घरापासून लांब, कुणी बोट दाखवलं की पळाला. तू तसलाच, म्हणायचा, पोटॅशियम कुठला. आणि तू? — मी हेलियम, वरचा, उजव्या टोकाचा, काही सोडत नाही. म्हणूनच तुझं लग्न जमत नाही, मी म्हणायचो. हसा सर, तोही हसायचा.

सोडियम कापताना निष्काळजीपणा झाला, असं चौकशीच्या कागदावर लिहिलंय. निष्काळजी? तो? धुतलेला कप तीनदा पुसणारा माणूस. सोडियम सुरीनं कापतातच, साबणासारखं. पण जुनं, कवच चढलेलं पोटॅशियम — ते सुरीखाली फुटतं. तक्त्यावर बघा, सोडियमच्या एकच घर खाली. कवच काय, सोडियमवरही चढतं — त्यानं बरणीवरचं नाव वाचलं, विश्वास ठेवला, आणि शेजारच्या रॉकेलानंही पेट घेतला.

नाव कुणी लिहिलं? — मला लॅबवर मदतीला नेलेलं, कपाट नुसतं पूस, म्हणाला होता. मी बरण्या बादलीत घासल्या, लेबलं सुटून तरंगायला लागली. ओरडेल म्हणून नवी लिहिली, चिकटवली, अंदाजानं. संध्याकाळी बघून म्हणाला, कपाट चकाचक केलंस की रे. शाबासकी दिली सर मला.

चार दिवस दवाखान्यात होता. पट्ट्यांतून विचारलं, लेबलांना हात लावलास का रे? मी म्हणालो, नाही. म्हणाला, असेल, मीच चुकलो असेन. — पंखा बंद केला की त्याचं ते वाक्य ऐकू येतं अजून. म्हणून थंडीतही चालू ठेवतो.

धरा किल्ली. त्या कपाटातली सगळी लेबलं खोटी आहेत, एकाही बरणीला हात — नाही गं आई, कुणी नाही, दादाच्या कॉलेजातले सर आलेत, निघालेच होते. जा सर. जा ना.