बापाची घोंगडी आणि शॉर्ट रॅम

आम्ही मूळचे खुलताबादच्या खालच्या अंगाच्या वस्तीवरचे, धनगर, बापाजवळ दीडशे मेंढरं होती, आन् मी सोळाव्या वर्षी ती सोडून शहरात उस्मानपुऱ्यात गॅरेजला लागलो, तवापासून बाप माझ्याशी बोलला नाय. बोलला नाय म्हंजी नायच, साहेब. मी समोर बसलेलो असलो तरी मायला म्हणायचा, ईचार त्याला जेवला का. माझं नाव तोंडातून काढायचं त्यानं सोडलं ते सोडलंच. आन् मेंढरांना हाक कशी मारायचा, काय सांगू तुम्हाला! हुर्र्र हो ऽऽ अशी छातीतून, शेवटाला जराशी खाकरल्यावानी, पार टेकाडापल्याडची मेंढरं माना वर करायची.

उस्मानपुऱ्याचे माझे उस्ताद म्हणायचे, बेटा, पहले कान लगा, बाद में पाना. तेवढं शिकलो आन् मग पडेगावला दौलताबाद रोडवर माझा पत्र्याचा शेड टाकला, मागं दोन खोल्या, तिथंच राहतो. आता पोरं येतात, जुन्या गाडीला इनटेक, म्हंजी हवा वढायचा पाइप, बसवायचा म्हणतात, आन् पहिला सवाल एकच, मामा, शॉर्ट रॅम का कोल्ड एअर? मी म्हणतो, बाबांनो, गाडीनं हवा कुठून वढायची एवढाच खेळ हाय. शॉर्ट रॅम म्हंजी आखूड पाइप, फिल्टर बोनेटमधीच इंजिनाशेजारी, बसवायला सोपा, आवाज लई भारी, पण इंजिनाचीच गरम हवा वढतो आन् गर्दीत गाडी मरगळती. कोल्ड एअरचा पाइप लांब, खाली बंपरमागं जातो, गार हवा मिळती, गाडी मोकळी पळती, पण साचल्या पाण्यात घातली आन् त्यानं पाणी वढलं की इंजिन खलास.

माझा पोरगा संतोष कंपनीत हाय, त्यानं सेकंडहँड गाडी घेतली, आन् त्याला कोल्ड एअरच पायजे होता. मी म्हणलं, आपल्या नाल्यावर पावसाळ्यात गुडघ्याएवढं पाणी राहतं, गप शॉर्ट घाल. तो म्हणला, आन् गरम हवेचं काय, मेकॅनिकच्या पोराची गाडी चढावर रडली तर लोक हसतेन. म्हणलं, आडोसा करतो. इंजिन आन् फिल्टर याच्यामधी पत्र्याचा पडदा ठोकला, आन् पत्रा तापला तरी धग लागू नये म्हणून त्याला फिल्टरच्या बाजूनं बापाच्या घोंगडीचा तुकडा लावला. बाप जाऊन तवा चार महिने झाले होते. लोकर धग अडवती, झटकन पेटत नाय, हे धनगराच्या पोराला शिकवावं लागत नाय. पण गेलेल्या माणसाच्या घोंगडीला आमच्यात कातर लावत नायत, हे बी मला ठाऊक होतं, साहेब, लपवत नाय तुमच्यापासून. तरी लावली. इतकी वर्षं बोलला नाय त्याचा राग असंल मनात, का नुसता आळस, खोटं कशाला बोलू.

गाडी चालू केली, संतोषनं ॲक्सिलेटर दाबला, आन् बोनेटमधून आवाज आला. हुर्र्र हो ऽऽ. शेवटाला ते खाकरणं सुद्धा. संतोष हसत म्हणला, काय आवाज हाय, आण्णा! मी म्हणलं, पाइपाचा आवाज असाच असतो, लोकरीनं जरा घुमतोय. पण रविवारी आम्ही दोघं घाट चढत होतो तर रस्त्याच्या कडंनं कुणाचातरी कळप चरत होता, ती समदी मेंढरं एकदम थांबली. माना वर. आन् गाडीच्या मागं चालायला लागली, धनगर बिचारा वरडून वरडून बेजार, एक बी मागं फिरंना. संतोषचं हसू तिथंच बंद झालं. गाडी बंद केली तवा ती मेंढरं काचंला नाक लावून उभी राहिली, अगदी खामोश.

तरी मी काढला नाय तो पाइप, भित्रा म्हणतेन म्हणून. पण मग मायचं सुरू झालं. बाप गेल्यावर तिला माझ्याकडं आणली, तवापासून ती बाजंवरून उठत नव्हती, अर्धी भाकर खायची. आता रोज पाचच्या सुमाराला संतोष ड्यूटीवरून यायचा, तो मोडावर असतानाच ही उठायची, आले म्हणायची, पदर डोक्यावर घ्यायची आन् सरळ हायवेवर. एक दिवस ट्रकवाल्यानं असा ब्रेक मारला की टायरचा वास शेडात आला. बायकोनं तिला कवटाळून आणली. बाप गेला, आता या पाइपापायी माय बी जाती का काय! त्याच दिवशी शॉर्ट रॅम खोलला, घोंगडीचा तुकडा काढला, कोल्ड एअर बसवला. म्हणलं पाण्याचं पावसाळ्यात बघू.

दुसऱ्या दिवशी गाडी आली ती साधीच. माय उठली नाय. तिसऱ्या दिवशी तिनं अर्धी भाकर बी सोडली. मग मी बाजंवर बसलो आन् खरं सांगितलं, माय, तो बाप नव्हता, पाइप होता. ती माझ्याकडं बघून म्हणली, येडी समजला का मला, गाडी मला कळत नाय व्हय? तुझ्या बापानं पन्नास वर्षांत समद्या हाका मेंढरांना मारल्या, मला एक नाय. आता कुठं ती हाक माझ्या दाराकडं यायली होती, ती बी तू बंद केली, दत्ता.

तसाच उठलो आन् शॉर्ट रॅम परत लावला, तुकड्यासकट. संतोष आता मागच्या गल्लीतून येतो, दारात थांबून एकदा ॲक्सिलेटर दाबतो, माय उंबऱ्यातच बसून ऐकती. जेवती. सुखात हाय म्हणा.

पण गेल्या आठवड्यात संतोषला सुट्टी होती. गाडी हितंच, बोनेट उघडं, फिल्टर माझ्या हातात, मी धूत होतो. पाच वाजले आन् रस्त्याच्या अंगानं हाक आली. हुर्र्र हो नव्हतं त्यात. दत्ता ऽऽ, एवढंच, आन् शेवटाला खाकरणं. माय उंबऱ्यात लसूण सोलत होती, तिचे हात थांबले नायत. म्हणली, ही माझी नाय. तुला बोलावतोय.

अशा हाकेला ओ द्यायची नसती, दिली की माणूस तिच्यामागं जातो, लहानपणापासून ऐकलंय, म्हणून रोज पाचला मी ग्राइंडर लावून बसतो, काम असो नसो, त्याच्या खरखरीत दुसरं काय ऐकू येत नाय. पण जी हाक मी सोळाव्या वर्षापासून ऐकायला बसलोय, साहेब, तिच्यावर किती दिवस ग्राइंडर फिरवू? तुमचं लिहून झालं असंल तर निघा आता, लेकराबाळांत सुखी राहा. पाचाला दहा कमी हायेत. आज ग्राइंडर लावायचा नाय म्हणतो.