ज्याची तक्रार, त्याचं काम

दवाखान्याच्या बाकावर माझ्या शेजारी दोघं बसले होते. गुडघ्याला पट्टा बांधलेले निवृत्त पोस्टमन आणि त्यांच्या गल्लीतली शिवणकाम करणारी बाई.

"आपल्या गल्लीच्या मंडळाने झाडांना पाणी घालायचं काम माझ्याकडून काढून घेतलं, पोरी. म्हणे, आता आराम करा."

"बरंच झालं की, काका. गुडघा बघा तुमचा!"

"घरात बसून भिंतींशी बोलू? दुसरं काहीतरी काम मिळवायलाच हवं."

"मग सभेत एखादी तक्रार करा. आपल्या मंडळात तक्रार करणाऱ्याच्याच गळ्यात ते काम पडतं."

"तीच शोधतोय. रस्त्यावरचे दिवे बंद आहेत म्हणावं, तर शिडी चढावी लागेल."

"नको, हात जोडते! वाचनालयातल्या पुस्तकांची पानं सुटलीत म्हणा. बसून चिकटवता येतील."

"अगं, ती तक्रार तर तू करणार होतीस ना?"

"होते. डिंकसुद्धा आणून ठेवलाय."

"मग?"

"मग काय, रविवारच्या सभेत मी गप्प बसते. तुम्ही जरा मोठ्याने ओरडा."

"आणि डिंक?"

"घेऊन येईन की. एखादं पान उलटं चिकटवलंत, तर तक्रार करायला कोणीतरी शेजारी नको?"