अकरा रामनवम्या

या, जवळ बसा. तलासरीला डहाणूच्या बसच्या रांगेत आपल्या सुषमाताईंनी ऐकलेली गोष्ट सांगते. त्यांच्या पुढे दिवंगत कीर्तनकार वासुदेवबुवांची मुलं, नितीन आणि पूर्वी, उभी होती.

"पूर्वी, बाबांच्या कीर्तनांची रेकॉर्डिंग मोबाइलवरून तुझ्या कॉम्प्युटरवर पाठवताना ते फुकटचं सॉफ्टवेअर अडलंय. या नावाची फाइल आहे, पुसून नवी ठेवू का, विचारतं."

"हो म्हणालास?"

"अजून नाही."

"वाचलो. बाबा दर वर्षी वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवायचे, पण नाव नुसतं 'रामनवमी' द्यायचे. इथे एकत्र येताना अकरा वर्षांतली एकच उरली असती."

"मग?"

"'नाव बदलून ठेव' निवड. अकराही येतील."

"नक्की?"

"दादा, शाळेच्या ऑफिसात कॉम्प्युटरवर रोज हेच करते मी."

"फुकटच्या वस्तूला एवढी अक्कल?"

"बाबांनी कीर्तनाचे पैसे घेतले होते कधी?"

सुषमाताईंनी तिथंच हात जोडले. मंडळी, बुवांना ऐकाल तेव्हा ते सॉफ्टवेअर फुकट वाटणाऱ्या अनोळखी माणसांचीही आठवण ठेवा.