पाकिटामागचा नंबर

...आणि आपापली पत्रं घेऊन जवान वर मलाच विचारायचे, "बाबूजी, तुमचं आलं का काही?" अहो, कुठलं येतंय! शांतिसेनेबरोबर गाझाच्या वाळूत तंबू ठोकून बसलेलं आमचं फौजी पोस्ट ऑफिस, शाईत रेती, चहात रेती, शिक्का मारला की खाली कर्र्कन रेती... आणि अख्ख्या पलटणीचं टपाल ह्या दोन हातांनी लावायचं. माझ्या नावाचं? साधं कार्ड नाही, सात महिने! आणि मी टपालातला माणूस, तुम्हाला सांगतो.

बोटीत चढलो तेव्हा हिला पाचवा महिना होता. पहिलटकरीण, माहेरी मिरजेला ठेवलेली. म्हणजे हिशेब करा, कधीच बाळंत झाली असणार. मुलगा की मुलगी, सुखरूप आहे की नाही, मला काही कळायला मार्ग नाही. मी दर आठवड्याला पत्र टाकतोय, "अगं, लिहीत का नाहीस, रागावलीस का"... तिकडून चिडीचूप. मग मी सगळ्यांना शिव्या घातल्या. विमानवाल्यांना घातल्या, मुंबईत पत्रं लावणाऱ्यांना घातल्या, सासऱ्यांना तर किती घातल्या ते आता मोजत नाही, बिचारे गेले. एकदा तर वाटलं, काही वाईट झालंय आणि लोक मला कळवत नाहीयेत. त्या दिवशी जेवण गेलं नाही.

आणि ह्याच तोंडानं मी जवानांना शिकवायचो बरं का! "घरच्यांना सांगा, गावाचं नाव नको, देशाचं नाव नको, फक्त आपल्या पोस्टाचा नंबर. नंबर चुकला की पत्र गेलं उडत." पोरं माना डोलवायची. डोलवणारच... टपालातला माणूस सांगतोय!

आमचा स्वयंपाकी होता सोबनसिंग, गढवालचा. अक्षरशत्रू. त्याची पत्रं मीच वाचायचो, उत्तरंही मीच लिहायचो. त्याची बायको देवळातल्या पुजाऱ्याकडून लिहून घ्यायची. म्हैस व्याली, पोराला दात आले, छपराला दगड लावले. तीन-तीनदा वाचायला लावायचा. ऐकून झालं की हळूच, "बाबूजी, तुमचं?" मी म्हणायचो, नाही रे. मग चहात साखर जास्त घालायचा. सात महिन्यांत माझा चहा नुसता पाक झाला होता. एक दिवस म्हणाला, "बाबूजी, तुमचं येईतो माझंच वाचत जा. पोराचे दात दोघांत वाटून घेऊ." मी तंबूच्या मागं जाऊन रडलो, खोटं कशाला बोलू.

आणि मग एका सोमवारी थैली उघडली तर आत सुतळीनं बांधलेला गठ्ठा. सत्तावीस पत्रं. सगळी हिच्या हातची. वर जम्मूकडच्या माझ्या जुन्या पोस्टातल्या पिल्लेची चिठ्ठी, "अरे शहाण्या, तुझी बायको अजून सहाशे चौदाला का लिहितेय? मी लांब रजेवर होतो, बदलीवाल्यानं तू परत येशील म्हणून कपाटात जपून ठेवली."

सहाशे चौदा! तो माझा मागल्या नेमणुकीचा नंबर. इथला नऊशे सत्तेचाळीस, शिक्क्यावर इंग्रजी आकड्यांत ठसठशीत. मी टेबलावरचं माझंच पाकीट उलटं केलं, त्याच दिवशी मिरजेला टाकायचं होतं ते... पाठीमागं, माझ्याच अक्षरात, सहाशे चौदा. चार वर्षांची हाताची सवय! आणि मी टपालातला माणूस.

सोबनसिंग म्हणतोय, "शेवटचं फोडा, शेवटचं!" पण मी तारखेनं लावली. सात महिने वाट बघितली आणि आता तारखा लावतोय, काय म्हणाल ह्याला? तिसऱ्याच पत्रात हिनं विचारलंय, "अहो, पाकिटावरच्या शिक्क्यात एक नंबर आणि मागं तुमच्या हातचा दुसराच. खरा कुठला? पण तुम्ही टपालात आहात, तुम्हाला जास्त कळतं. तुम्ही लिहिलेलाच टाकते."

बघा! सातवी शिकलेली बाई.

सतराव्या पत्रात बातमी होती. "दोघी सुखरूप आहोत. नाव तुम्ही सुचवाल म्हणून बारसं दोनदा पुढं ढकललं, शेवटी मीच मृदुला ठेवलं. रागावू नका." मला पुढचं वाचवेना. सोबनसिंगनं माझ्या तोंडाकडं पाहिलं, म्हणाला, "मुलगी ना?" मी नुसती मान हलवली. त्यानं त्या दिवशी सगळ्या पलटणीला शिरा केला, आणि त्यातही रेती होतीच.

लगेच उत्तर लिहिलं. चार पानं. माफी मागितली, नंबर तीनदा लिहिला, खाली रेघ ओढली, पाकीट चिकटवलं, थैलीत टाकणार एवढ्यात सोबनसिंगनं हात धरला. "बाबूजी, मला वाचता येत नाही. पण सात महिने तुमच्यासमोर बसून हा शिक्का बघतोय. त्यातल्या पहिल्या आकड्याचं पोट वर असतं. तुम्ही मागं लिहिलाय त्याचं खाली आहे."

उलटून पाहिलं. सहाशे चौदा!

तेव्हापासून आजपर्यंत, परवा मृदुलाच्या मुलाच्या मुंजीच्या पत्रिका टाकायच्या होत्या तेव्हासुद्धा, ही नुसता हात पुढं करते. "आणा इकडं." आणि मी देतो... मी टपालातला माणूस, तुम्हाला सांगतो.