जपानपेक्षा कडक

बसा पावणं, हितं टायरवर बसा, खुर्चीचा एक पाय दिवाळीपास्नं रुसलाय. तुमच्या गाडीच्या पुढच्या उजव्या चाकात खटखट हाय, ती मला तुम्ही नाक्यावरनं वळलासा तवाच ऐकू आली. हसू नका. एकदा एका जीपचा नुसता हॉर्न ऐकून मी सांगितल्तं, ड्रायव्हरनं सकाळी शिळी भाकरी खाल्लीया, आन् विचारलं तर खरं निघालं की. बरं, तुम्ही माझं आयुष्य लिवून घ्यायला आलाय, तर लिवा. पण शेवटपत्तोर बसायचं, मधनं उठून जायचं न्हाय.

मी दत्तू मिस्त्री, मूळचा कळंब्याचा. जेलची भिंत आन् आमच्या घराची भिंत ह्यात एक बाभळ तेवढी मधे. बा म्हणायचा, दत्त्या, नीट वाग, न्हायतर पल्याड जायला तुला दोन पावलं बी लागायची न्हाईत. सातवीत मास्तरांची फटफटी खोलली, परत जोडली, तर मूठभर बोल्ट शिल्लक राहिलं आन् फटफटी मातुर पयल्यापेक्षा जोरात पळाय लागली. मास्तर म्हणलं, तुझं शिक्षण झालं, आता जा. तितनं जो उद्यमनगरात आलो तो आलोच.

आता आमचं उद्यमनगर म्हंजे काय सांगू तुमास्नी. तितं पार्ट मिळत न्हाय असं कोण म्हणतच न्हाय, न्हाय मिळाला तर करत्यात. भट्टी हाय, लेथ हाय, आन् दुसऱ्याचं बघून तसंच करायची अक्कल हाय. सकाळी मोडका पार्ट घिऊन गेलासा की मिसळ खाऊन येस्तवर नवा गरम गरम हातात. रामाच्या पुष्पक विमानाचा नट वाटेत पडला असता तर लक्ष्मण तो घिऊन आमच्याकडंच आला असता, ह्यात मला काय शंका न्हाय.

मग आल्या जपानी गाड्या. पयली आली ती बारकी, काडेपेटीसारखी. लोकं म्हणायची, हिला म्हशीनं धडक दिली तर म्हशीला कळायचं बी न्हाय. पण पावणं, ती बिघडंना की! आमच्या जुन्या गाड्या कशा, घरच्या माणसागत, आठ दिवसानं एकदा तरी कण्हायच्या, त्यावर आमची चूल चालायची. ही बया नुसती तेल बदला म्हणायची आन् चालू पडायची. मी तर अंबाबाईला नारळ बोललोतो, आई, एकादी तरी बंद पाड. कुणीतरी सांगितलं, ह्या जपानी लोकांनी आधी कापड विणायचं माग केलं आन् मग गाड्या काढल्या. म्हणलं, माग तर आमच्या इचलकरंजीत घरटी हायत, मग त्यांनी का न्हाई काढली गाडी? पण खरं सांगू, मागाचा माणूसच तो, एक धागा तुटला तर अख्खं कापड जातंय हे त्याला म्हाईत. आम्ही भट्टीची माणसं, तुटलं तर परत वतायचं.

तर नव्वदीचं दशक सरत आल्तं तवा आमच्या आण्णांनी मोठी जपानी गाडी घेतली. आण्णा म्हंजे शाहूपुरीतलं गुळाचं अडत्ये, लिंगायत, कपाळाला भस्म, घरात कानडी, बाजारात मराठी, आन् रागात दोन्ही. गाडी मोत्याच्या रंगाची, लांबडी, गावात तवा तसली दुसरी न्हवती. ड्रायव्हर कोडोलीचा महादेव. तो गाडी अशी चालवायचा की मागं बसलेल्या आण्णांच्या हातातला चहा बशीत सांडायचा न्हाय, आन् ही थाप न्हवं, मी सोता तो चहा पिलोय.

दोन-तीन वर्षं गाडी मखमलीवरनं चालली. मग एक दिवस पुढच्या उजव्या चाकात खटखट. हीच, तुमच्या गाडीची. चाक ज्या गोळीच्या पिनीवर फिरतंय, बॉल जॉइंट म्हणतात त्याला, ती पिन झिजलीती. मुंबईला फोन केला तर म्हणलं, पार्ट पाठवतो, आठ दिवस लागतील. आण्णा म्हणलं, यल्ला बंद, सगळं बंद पडलं की मिस्त्री, रविवारी रत्नागिरीला पोरासाठी मुलगी बघायला जायचंय, मी काय यष्टीनं जाऊ व्हय? महादेव म्हणला, मालक, आठ दिवस थांबूया की, न्हायतर भाड्याची गाडी करूया. आन् मी, ह्या तोंडानं, सगळ्या नाक्यासमोर म्हणलं, आठ दिवस? आण्णा, उद्या दुपारी घिऊन जावा. जपानच्या पिनीपेक्षा कडक पिन करतो.

ट्रकचा जुना अॅक्सल घेतला, लेथवर पिन काढली, अशी गुळगुळीत की त्यात भांग पाडावा. मग तात्याच्या भट्टीवर गेलो. तात्या म्हंजे लोखंडाला पाणी पाजायचं आमचं विद्यापीठ. लोखंड नुसतं तापलेल्या रंगावरनं वळखायचा. लाल करून तेलात बुडवली, पिन कडक झाली. मी कानस घासून बघितली, कानस चालंना, नुसती घसरायची. मी नाचायचा राहिलोतो. तात्या म्हणला, दत्तू, आण हिकडं, परत मंद जाळावर शेकू, ताव उतरवू, म्हंजे चिवट हुईल. म्हणलं, तात्या, मऊ करायची न्हाय, कडक पायजे. तात्या म्हणला, लेका, नुसतं कडक म्हंजे काच. मी म्हणलं, म्हाताऱ्या, तुझा काळ गेला. तात्यानं जाळ खाली केला आन् तंबाखू मळत बसला. दुसऱ्या दिवशी दुपारी तीच पिन बसवून मी गाडी आण्णांच्या दारात लावली.

रविवारी दुपारी मलकापूरच्या फुडनं फोन आला. वळणावर गाडी रस्ता सोडून जांभळीला धडकलीया. आण्णा मागं न्हवतं, त्या दिवशी फुडं बसलंतं, मुलीकडच्यांना रुबाब दिसावा म्हणून. उजवा गुडघा चुरा.

मी गाडी वढून आणायला गेलो. त्यास्नी दवाखान्यात हलवल्तं, गाडीजवळ कोण न्हवतं. चाक आडवं पडलंतं, मोडक्या पंखागत. खाली वाकून बघितलं. पिन मधनं तुटलीती, आन् तुटल्या जागी दाणा दिसत हुता, गुळाची ढेप फोडल्यावर दिसतो तसा. वाकली न्हाय, वळली न्हाय, नुसती तुटली. जपानची पिन झिजती, वाकती, आधी खटखट करून सांगती, बाबा, मी जाणार हाय. माझी मुकाट गेली. मी दोन्ही तुकडं खिशात घातलं.

दवाखान्यात आण्णा पाय टांगून पडलंतं. महादेव पायथ्याला उभा, डोक्याला फडकं बांधलेलं. आण्णांनी मला विचारलं, मिस्त्री, शिवाला साक्ष ठिवून सांगा, गाडीत काय दोष हुता? खिशातलं लोखंड मांडीला टोचत हुतं. मी म्हणलं, आण्णा, जपानी गाडी हाय. ती अशी मोडत न्हाय.

एवढंच बोललो. ह्यातला एक शब्द खोटा हाय का सांगा?

आण्णा महादेवाकडं वळलं, म्हंजे तुला डुलकी लागली. महादेव म्हणला, न्हाय ओ मालक, मी टक्क जागा हुतो, स्टेअरिंग फिरवलं पण चाकच फिरलं न्हाय. आण्णा म्हणलं, मग जपान खोटं, मिस्त्रीची पिन बी खोटी, आन् तू एकटा खरा, व्हय रं? महादेवानं माझ्याकडं बघितलं. मिस्त्री, तुम्ही सांगा की, असं म्हणला. मी सलाईनच्या बाटलीकडं बघत बसलो.

त्याची चाकरी गेली. स्टँडवर, नाक्यावर कुणी त्याला गाडी दिली न्हाय, झोपणारा ड्रायव्हर म्हणून. गावाकडं गेला, म्हशी घेतल्या. मुंबईचा पार्ट आठव्या दिवशी आला. तो बघा, त्या फळीवर, हळदी-कुंकवाच्या डबीशेजारी, अजून खोक्यात हाय. आन् मी काय केलं? मी त्याची गोष्ट केली पावणं. हाटेलात चार माणसं जमली की सांगायचो, महादेव गाडीत असा घोरत हुता की आंबा घाटातली माकडं वाघ आला म्हणून पळाली. लोकं पोट धरून हसायची. म्हणायची, मिस्त्री, परत सांगा. मी परत सांगायचो. दुसरी एक थाप हुती, जपानचा सायेब आमच्या गॅरेजवर आला आन् माझी कारागिरी बघून माझ्या पाया पडला. तिला तर मी अंबाबाईची शप्पत घ्यायचो. कुठला जपानी न् कुठलं काय.

तात्या गेला. त्यानं कधी विचारलं न्हाय. आण्णा काठी टेकत आठ वर्षं फिरलं आन् मागल्या उन्हाळ्यात गेलं. मातीला सगळा गुळबाजार आल्ता. मूठभर माती टाकून मी मागं सरलो तर महादेव. केस पांढरं, अंगाला दुधाचा वास. त्यानं माती टाकली, हात जोडलं आन् म्हणला, आण्णा, माझ्या डुलकीनं तुमचा पाय गेला, माफ करा.

ऐकलं का तुम्ही? डुलकीनं. सगळ्यांनी सांगून सांगून त्याला सोताला पटल्तं. आमच्या भिंतीपल्याडचं कैदी केल्या गुन्ह्याची सजा भोगत्यात. हा गडी न केल्याची भोगत हुता, आन् वर माफी मागत हुता.

दुसऱ्या दिवशी सकाळीच मी कोडोलीला गेलो, तुकडं रुमालात बांधून. महादेव गोठ्यात म्हशी धूत हुता. म्हणला, या मिस्त्री, आज कुठली थाप आणलीसा? मी सांगितलं. अॅक्सल सांगितला, तात्याचा जाळ सांगितला, कानस सांगितली, सगळं. कुठं मीठ-मिरची लावली न्हाय, आयुष्यात पयल्यांदा. तो हात पुसत ऐकत हुता, आन् मग हसला. म्हणला, मिस्त्री, लई मोठ्या मनाचं तुम्ही. माझा भार हलका करायला एवढी नवी गोष्ट रचलीसा. म्हणलं, महादेवा, रचली न्हाय, ही बघ पिन. त्यानं तुकडं उलटसुलट केलं, म्हणला, असलं भंगार उद्यमनगरात पायाखाली सापडतंय. मी म्हणलं, अंबाबाईची शप्पत. तो म्हणला, जपानी सायेबाच्या टायमाला बी तीच घेतलीती की.

काय बोलायचं आता माणसानं? जल्मभर तोंडाची भट्टी पेटती ठिवली, आन् एक खरी गोष्ट आणली तर ती विझलेली निघाली.

त्याची बायको, पारूबाई, चहा घिऊन आल्ती, ती मातुर हसली न्हाय. कप खाली ठिवला आन् म्हणली, मिस्त्री, ह्यांनी तवापास्नं दिवसा कधी पाठ टेकली न्हाय. जेवल्यावर भिंतीला टेकून बसत न्हाईत. तापानं फणफणलं तरी उभं. डुलकी लागंल म्हणत्यात. महादेव म्हणला, गप गं, पावण्यासमोर काय सांगती. तिनं दोन्ही तुकडं उचललं, तुटलेली तोंडं एकाला एक लावून बघितली, नीट बसली. मग तुकडं पदराच्या गाठीत बांधलं. मी चप्पल घातली, रस्त्याला लागलो, तिनं ते मला परत दिलं न्हाईत. मी मागितलं बी न्हाईत. तिला तरी पटलं असंल. का आणखी कशासाठी ठिवलं, मला ठावं न्हाय.

म्हणून तुमास्नी बसवून ठिवलं. माझ्या तोंडाचं कोण खरं मानत न्हाय, पण छापलेलं म्हंजे लोकास्नी खरं वाटतंय. ते माकडांचं लिवू नका, लोकं तेवढंच ध्यानात ठेवत्यात. एवढं लिवा, कोडोलीचा महादेव त्या दिवशी जागा हुता. आन् छापून आलं की एक प्रत तिकडं पाठवा. पारूबाईला वाचता येतंय.

आता तुमच्या गाडीचं. खटखट त्याच पिनीची हाय. नाक्यावर कोणबी तुमास्नी सांगंल, दुपारपत्तोर करून देतो. मी कंपनीला फोन लावतो, पार्ट यायला आठ दिवस लागतील. चावी हितं ठिवा, त्या खोक्याशेजारी. स्टँड फुडं वळल्यावर हाय. यष्टीनं जावा पावणं, सुखानं पोचा, आन् वाटेत बिनघोर एक झोप काढा.