लोडर आणि वाल

पिस्तूल नवीन असलं की सगळ्यात आधी काय दुखतं, माहितीये? अंगठा! मॅगझिनमध्ये एकेक गोळी दाबून बसवायची आणि आतली स्प्रिंग ती वर ढकलत राहते. म्हणून मी लोडर घेतला. गोळ्या दाबायचं प्लास्टिकचं टोपणच म्हणा ना.

तेव्हा आई पुण्याहून माझ्याकडे ऑस्ट्रेलियात, डार्विनला आली होती. शनिवारी आर्वोला, म्हणजे इथल्या भाषेत दुपारी, तिला घेऊन नेमबाजीच्या क्लबात गेले.

लोडर बघून तिने विचारलं, "हे कशाला गं?"

"अंगठा दुखू नये म्हणून."

"एवढ्याशा कामाला यंत्र? बघू!"

आमच्या शिकवणाऱ्या ग्रॅहमने 'नो वरीज' म्हणत तिच्यापुढे सरावाच्या नकली गोळ्या ठेवल्या. मी लोडर नीट बसवेपर्यंत हिने नुसत्या अंगठ्याने दहाच्या दहा भरल्या!

ग्रॅहम बघतच राहिला. मला म्हणाला, "मेट, विच आर्मी?"

मी म्हटलं, "आई, कुठल्या सैन्यात होतीस विचारतोय."

"सांग त्याला, चाळीस वर्षं भिजवलेले वाल सोलतेय."

मग लोडर उलटसुलट करून बघत हळूच म्हणाली, "अंगठा माझाही दुखतो गं हल्ली. याने वाल सोलले जातील का, विचार ना त्याला."